काच, प्लॅस्टिक आणि एक जुना टी-शर्ट

जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये एका विधेयकावर सही केली आणि अमेरिकन माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःपुरती बिअर करायला केंद्र सरकारची आडकाठी उरली नाही. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनची सोय लागली होती, बिअर मात्र राहून गेली होती. ती उणीव पंचेचाळीस वर्षांनी भरून निघाली. (मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं तरीही २०१३ पर्यंत अडून बसली.) एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. माणशी रोज एक लिटर रिचवणारं सुखी जोडपं कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावं. सगळं नीट लिहून ठेवलं. फक्त ही बिअर आंबवायची कशात, काचेत की प्लॅस्टिकमध्ये, एवढं लिहायचं राहिलं, आणि त्याची फळं आम्ही न्यू जर्सीतली मराठी माणसं आजतागायत भोगतो आहोत.

आम्ही म्हणजे मंडळातले काही हौशी बिअरवाले. गणपतीत आरतीच्या चालीवरून आणि दिवाळीत फराळाच्या कंत्राटावरून भांडायची सवय असलेल्या माणसांना नवा वाद मिळाला की ती तरारून उठतात. या वादात तर मोठीच सोय आहे. त्याचा निकाल लागू शकत नाही. दोन्ही भांड्यांत बिअर होते.

कृती थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेल्या सातूचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी काढायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, झटपट गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचे दीड-दोन आठवडे काम यीस्टचं. ते साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि आपण मधे नाक खुपसायचं नाही, एवढंच आपलं कर्तव्य. मराठी माणसाला नेमकं तेच जड जातं. घरगुती घाणा ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा. वर फेस चढायला जागा हवी म्हणून भांडं साडेसहा गॅलनचं घ्यायचं.

हे भांडं दोन जातींचं मिळतं. एक काचेचा कारबॉय. पोट मोठं, मान चिंचोळी, आणि रूप असं की दुकानात शिरल्याबरोबर नजर तिथेच जाते. दुसरी प्लॅस्टिकची बादली. पांढरी, झाकणाला भोक, भोकात रबराचं कडं आणि त्यात एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी. बादलीकडे बघून कुणालाही काहीही सुचत नाही. फार तर घर रंगवायला काढलंय का, असं विचारावंसं वाटतं. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो, म्हणजे एचडीपीई. अन्नाला चालणारी प्रत आहे का, ते मात्र वेगळं बघून घ्यावं लागतं. शिवाय मधली एक जात आहे, पेट प्लॅस्टिकचा कारबॉय, त्रिकोणात १. दिसायला काच, उचलायला बादली. दोन्ही पक्ष त्याच्याकडे संशयानं बघतात. मंडळाच्या निवडणुकीत सर्वांशी गोड बोलणाऱ्या उमेदवाराचं जे होतं, तेच त्याचं झालं आहे.

काच पक्षाचे पुढारी आमचे माजी खजिनदार. काचेला ओरखडा पडत नाही, काच वास धरत नाही, काचेतून हवा आत जात नाही, ही त्यांची त्रिसूत्री, आणि ती खरी आहे, हीच पंचाईत. लुई पाश्चरनं हंसाच्या मानेसारख्या नळीची ती भांडी प्लॅस्टिकची केली होती का, हा त्यांचा आवडता सवाल. तेव्हा प्लॅस्टिक कुठे होतं, असं कुणीतरी म्हणून पाहिलं. खजिनदार म्हणाले, “नव्हतं, म्हणून तर शोध लागला.” पाश्चरनं १८७६ साली बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला, तोही प्रशियाविरुद्धच्या १८७० च्या युद्धात फ्रान्स हरल्याच्या रागातून. जर्मनांहून सरस बिअर करायची आणि सूड घ्यायचा. ही पद्धत सर्वत्र रूढ झाली असती तर शाळेत इतिहासाच्या तासाला मुलं जागी राहिली असती.

प्लॅस्टिक पक्षाची धुरा एका डॉक्टरीणबाईंकडे आहे. त्या इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात काम करतात आणि बिअर थेंबभरही घेत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानावं लागतं. त्यांचा मुद्दा वजनाचा. रिकामा मोठा कारबॉय सहा-सात किलोंचा, आत वीसेक किलो रस. गोळाबेरीज २६-२७ किलो. विमानात एका बॅगेला २३ किलो चालतात, पण त्या बॅगेला चाकं असतात, ती कोरडी असते, आणि हातातून सुटलीच तर आतल्या भाकरवडीचा चुरा होतो, आपल्या पावलाचा होत नाही. कारबॉय बाहेरून ओला, सॅनिटायझरनं बुळबुळीत आणि धरायला कुठे जागा नसलेला. त्याच्या मानेला लावायचं एक हँडल दुकानात मिळतं. ते रिकामा कारबॉय उचलण्यासाठी असतं. भरलेला त्यानं उचलू नये, असं जाणकार सांगतात, आणि हँडल दिसलं की माणूस उचलतोच. बरं, ही काच काही प्रयोगशाळेतल्या जातीची नव्हे. तिच्यात गरम रस ओतला तर तडकते.

“कारबॉय निसटला की माणसं बाजूला व्हायचं सोडून त्याला झेलायला जातात,” बाई सांगतात. “मग मनगटातल्या कंडरा शिवायला आम्ही बसतो.”

“मी इतकी वर्षं उचलतोय, काही झालं नाही,” खजिनदार.

“पाठ कोणाला दाखवता?”

खजिनदारांनी विषय बदलला. सध्या ते दुधाच्या क्रेटमध्ये कारबॉय ठेवतात आणि जावयाला बोलावतात.

अशात सांगलीहून आई आली. तळघरात एका बाजूला गणपतीचं मखर, दुसऱ्या बाजूला हळदीकुंकवाला लुटून उरलेले प्लॅस्टिकचे डबे आणि मधे बुडबुड आवाज करणारी बादली, हे दृश्य तिनं पाहिलं. “अरे, याला परवाना नको?” मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, त्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो; आमच्या वडिलांनी आयुष्यात मोजून चार घोट घेतले असतील, पण पिण्याचा परवाना विम्याच्या कागदांबरोबर लावून ठेवला होता. कार्टरसाहेबांची हकिकत सांगितल्यावर तिनं गॅलनांची चौकशी केली. “आई, तुम्ही आलात म्हणून कोटा वाढत नाही हं,” बायको म्हणाली, “दोघं असोत की दहा, दोनशेच.” बेल्जियन पद्धतीच्या पांढऱ्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात, हे कळल्यावर मात्र आई खुर्ची घेऊन बसली. धने भरडायचे की अख्खे, भाजून की कच्चे, असा तिचा तपास सुरू झाला, आणि आमचे धने जुने आहेत हे तिनं नुसत्या वासावरून सिद्ध केलं.

भांड्याबाबत तिचं मत आधीच तयार होतं. आंबट काही प्लॅस्टिकात ठेवायचं नसतं. काच नाहीतर चिनी माती. खजिनदारांना हे कोणीतरी कळवलं असावं. ते संध्याकाळी स्वतःचा कारबॉय मोटारीत घालून आईला दाखवायला हजर. आईनं तो सगळीकडून पाहिला, मानेत मूठ घालून पाहिली, जाईना. “यात हात कसा घालणार? घासणार कशी?” वाकड्या दांड्याचा ब्रश असतो, रात्रभर पावडरचं पाणी भरून ठेवायचं असतं, असं खजिनदार सांगत राहिले. आईच्या लेखी ज्या भांड्यात हात जात नाही, ते भांडंच नव्हे. खजिनदार कारबॉय घेऊन परत गेले.

बिअर बाटल्यांत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर असताना तिनं रिकामी बादली घासली. हात जात होता ना. तारेच्या घासणीनं, बुडापासून काठापर्यंत, अशी की बादली आतून मंद चकाकायला लागली. एचडीपीई मऊ असतं. त्यावर तारेची घासणी फिरली की बारीक चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत जे जीवाणू दडून बसतात त्यांना सॅनिटायझर गाठू शकत नाही. बिअर आंबट करायला एवढी वस्ती पुरते. म्हणून प्लॅस्टिकला फक्त मऊ फडकं लावायचं, आणि बादलीवर जीव न जडवता ती अधूनमधून बदलायची, हा या धंद्यातला रिवाज. आईला हे सांगायची कुणाची छाती? बायकोनं ती बादली उचलली आणि तांदूळ भरायला वर नेली. वीस पौंडांचं बासमतीचं पोतं तिच्यात सहज मावतं आणि झाकण इतकं घट्ट की पोरकिड्याची टाप नाही.

प्लॅस्टिक वास धरतं, हा खजिनदारांचा दुसरा मुद्दा मंडळातल्या एका होतकरू सभासदानं सप्रमाण सिद्ध केला. त्याला एका हॉटेलातून कैरीच्या लोणच्याची रिकामी बादली फुकट मिळाली. अन्नाला चालणारी, त्रिकोणात २, सगळं रीतसर. त्यानं ती सोड्यानं धुतली, ब्लीचनं धुतली, उन्हात ठेवली, आणि तिच्यात इंग्लिश पद्धतीची पेल एल घातली. बिअर स्वच्छ झाली, रंग सुरेख आला, आणि ग्लास नाकाशी नेला की हिंग. खजिनदारांनी दोन ग्लास घेतले, तेही वादात मुद्दा मिळाला म्हणून. मला विचाराल तर वरणभाताबरोबर ती बिअर गेली असती.

आता हवेचं बघू. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन कणाकणानं आत झिरपतो, एचडीपीईतून जास्त, पेटमधून कमी, काचेतून मुळीच नाही. ऑक्सिजननं बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. हे ऐकून नवशिके हादरतात आणि काच घेतात. पण बिअर दोन आठवड्यांत बाटलीत जायची असेल तर एवढ्या अवधीत कितीसा ऑक्सिजन शिरणार? त्यातून पहिले दिवस तर आतून कार्बन डायऑक्साइडच जोरात बाहेर येत असतो. सहा महिने, वर्षभर मुरवायच्या आंबट बिअरची गोष्ट निराळी. तिथे काच हवीच.

मग पंधरा दिवसांच्या बिअरसाठी माणसं काच का घेतात? माझ्या मते कारण एकच, आणि ते कुणी कबूल करत नाही. त्यांना बघायचं असतं. आणि खरंच, बघण्यासारखं असतं. दुसऱ्या दिवशी काचेच्या आत सगळा रस खालीवर घुसळत असतो, यीस्टचे पुंजके वर येतात, उलटतात, पुन्हा बुडतात; वर तपकिरी डाग पडलेला फेसाचा जाड थर. खजिनदारांच्या घरी या दर्शनाला आम्ही खुर्च्या टाकून बसलो आहोत. बादलीवाल्याला यातलं काही नाही. एअरलॉकचा आवाज ऐकायचा आणि आत काहीतरी चाललं असेल असा विश्वास ठेवायचा. झाकण उघडून डोकावलं की बाहेरची हवा आणि बाहेरचे जंतू, दोन्ही आत.

पण हॉप्सच्या कडवट द्रव्यांवर उजेड पडला की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, आणि बिअरला स्कंक या प्राण्याचा वास येतो. अमेरिकेत राहणाऱ्याला हा वास समजावून सांगावा लागत नाही; महामार्गावर गाडीच्या काचा बंद असल्या तरी येतो. बिअरची बाटली तपकिरी असते ती याच भीतीनं. म्हणून काचवाले काय करतात? दुप्पट पैसे मोजून, पाठ दुखवून, टाक्यांचा धोका पत्करून पारदर्शक भांडं घरी आणतात आणि त्याला काळा टी-शर्ट घालतात. खजिनदारांचा कारबॉय मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या टी-शर्टात असतो. पाहुणे आले की ते शर्ट वर करून दाखवतात. पांढऱ्या बादलीतूनही थोडा उजेड जातो म्हणे, पण तळघरात दिवा बंद केला की भागतं.

माझी व्यवस्था सध्या अशी आहे. नेहमीच्या बिअरला बादली, नवी, आणि तिच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘घासू नये’. वर्षभर मुरायला ठेवलेल्या आंबट बिअरला एक छोटा काचेचा कारबॉय, जो भरला त्या जागेवरून हललेला नाही. डॉक्टरीणबाईंना हे मान्य आहे. आईला अर्धंच मान्य आहे. फोनवर ती तांदळाच्या बादलीची चौकशी करते, बिअरच्या बादलीची करत नाही.

खजिनदारांनी मात्र पक्ष बदलला. पाठीच्या डॉक्टरनं दम दिल्यावर त्यांनी स्टेनलेस स्टीलचं शंकूच्या बुडाचं भांडं घेतलं, खाली नळ, वर झाकण, मोठ्या ब्रुअरीत असतं त्याची लहान आवृत्ती. ते फुटत नाही, वास धरत नाही, हवा सोडत नाही आणि आतलं काहीही दिसत नाही. काच आणि प्लॅस्टिक हा वादच आता कालबाह्य झाल्याचं त्यांनी मंडळाच्या सभेत जाहीर केलं. जुने कारबॉय त्यांनी फुकट देऊ केले, पण डॉक्टरीणबाई समोर बसलेल्या असताना कोणाचा हात वर होईना. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींनी ते ताब्यात घेऊन त्यांत मनीप्लँट लावले आणि दिवाणखान्याच्या दक्षिणेकडच्या खिडकीत मांडले. टी-शर्ट काढून टाकले आहेत. रोपांना उजेड लागतो.