एका पक्ष्याचा लॉट

मैना दाण्याला चोच लावेना, तेव्हा आमच्या घरात सरळ दोन तट पडले. बायको म्हणाली, डॉक्टरकडे न्या. सासूबाई म्हणाल्या, अंगावर मांस आहे तोवर काय ते ठरवा. मैना ही आमची परसातली एकुलती एक गावरान कोंबडी. पुण्यात राहून घरचं अंडं खातो, हे चारचौघांत सांगता यावं एवढ्यासाठीच मी ती पाळलेली.

शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडूनच नाकाला रुमाल लावला आणि २००६ सालच्या नवापूरच्या बर्ड फ्लूची आठवण काढली. तेव्हा कोंबड्या कशा सरसकट मारल्या होत्या, हे सांगताना त्यांची नजर अधूनमधून माझ्यावरही जात होती.

मैनेला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि 'ब्रीड'पाशी पेन थांबवलं. बाकावरचा लॅब्रॅडॉर खोक्याकडे बघून लाळ गाळत होता.

"आम्ही कोंबडी बघत नाही हो," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे, रविवारी बघतो."

पण माणूस भला. पोल्ट्रीतल्या एका तज्ज्ञाचा नंबर दिला.

"पक्षी किती?" तज्ज्ञांनी विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"नाही, एक."

"अरेरे. बाकीचे गेले?"

"नाही हो, लॉटच एकाचा आहे."

"असं करा, दोन-तीन पक्षी पोस्टमॉर्टेमला पाठवा. निदान झालं की उरलेल्यांना औषध सुरू करू."

त्यांचंही बरोबरच होतं. पोल्ट्रीत आजारी पडते ती शेड. दोन कापायच्या, हजार वाचवायच्या; औषध पाण्यातून, लिटरच्या हिशेबानं. राणीखेतची लस मागायला गेलो तर शंभर डोसांची कुपी, तीही एकदा फोडली की लगेच संपवायची. उरलेले नव्याण्णव कुणाला देऊ? काकांना?

शेवटी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. खोड्यातल्या म्हशीची तपासणी उरकून डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होते. त्यांनी मैनेला काखेत घेतलं, गळ्याखाली बोटं फिरवली.

"रात्रभर उपाशी ना? मग ही पिशवी रिकामी हवी होती. गवत, सुतळी, काहीतरी अडकलंय. दाणे बंद. थोडं खोबरेल पाजा आणि हलक्या हातानं चोळा. उलटी धरून पिळू नका, श्वासात जाईल."

तेव्हापासून मी ऑफिसला जाण्याआधी मागच्या पायरीवर मांडीत कोंबडी घेऊन बसू लागलो. बोटांखाली भिजलेल्या कणकेसारखा गोळा लागायचा. मैना डोळे अर्धवट मिटून घ्यायची. काका डोळे विस्फारून बघायचे. सासूबाई एकदा दारातून म्हणाल्या, "तेल झालं, चोळून झालं. आता हळद-मीठ तेवढं राहिलं."

हळूहळू गोळा विरघळला. एका सकाळी पिशवी सपाट लागली आणि मैनेनं माझ्या शर्टाचं बटण टोचून तोडलं. तेवढ्यात तज्ज्ञांचा फोन आला.

"काय, मरतूक किती झाली?"

"शून्य टक्के."

"सगळा लॉट वाचला? दिलंत काय?"

"खोबरेल."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. "लिटरला किती?"