आधी विचारा, मग फॉरमॅट मारा

लॅपटॉपला घरचं वायफाय दिसत नाही म्हणून माणूस हेल्पलाइनला फोन लावतो. पलीकडून सांगतात, मोडेम बंद करून चालू करा. लॅपटॉप दुकानात नेला तर दुकानदार म्हणतो, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल. घरातला जाणकार म्हणतो, मशिन जुनं झालं, आता नवीनच घ्या. तिघांनीही एकसुद्धा प्रश्न विचारलेला नसतो. माझा राग त्यावर आहे.

फॉरमॅटमध्ये माणसाचं खरोखर नुकसान होतं. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतात आणि दुकानात पुसला जातो तो नेमका हाच ड्राइव्ह. त्याबरोबर लग्नाचे फोटो जातात, दुकानाचा हिशेब जातो, अर्धा लिहून झालेला प्रबंध जातो. वर ताज्या विंडोजला वायफाय कार्डाचा ड्रायव्हर आपसूक सापडला नाही, तर आधी निदान शेजाऱ्यांच्या वायफायची नावं तरी दिसत होती, आता तीही दिसेनाशी होतात. दुखणं होतं तिथेच राहतं, वर बिल होतं.

म्हणून आधी तक्रार नीट ऐकायला हवी. ‘दिसत नाही’, ‘जोडलं जात नाही’ आणि ‘नेट चालत नाही’ ही तीन वेगळी दुखणी आहेत. राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो. लॅपटॉप एकेका चॅनेलवर थांबून ते नाव टिपतो आणि यादीत दाखवतो. या टप्प्यावर पासवर्डचा काही संबंध नाही, बाहेरून येणाऱ्या फायबरचाही नाही. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी राऊटर नाव पुकारतच राहतो. तेव्हा ‘नाव दिसत नाही’ म्हणणाऱ्याला ‘लाइन ओके आहे’ असं सांगून फोन ठेवणं म्हणजे त्याची तक्रार न ऐकणं.

दोन प्रश्न पुरतात. लॅपटॉपला शेजाऱ्यांची वायफाय दिसतात का? आणि लॅपटॉप ठेवलाय त्याच जागी मोबाइलला आपलं वायफाय दिसतं का?

शेजाऱ्यांचंही काहीच दिसत नसेल, तर खोट लॅपटॉपमध्ये आहे. एअरप्लेन मोड चालू राहिलाय का, बघा. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचा बारीक खटका असे, पिशवीतून काढता-घालताना तो सरकतो. काहींमध्ये एफएन आणि वरच्या ओळीतलं एक बटण मिळून वायफाय बंद होतं. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि कार्ड बंद पडलंय की ड्रायव्हर गायब आहे, ते पाहा. सर्व्हिसेसच्या यादीत ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ चालू आहे ना, हेही पाहा. ती सर्व्हिस बंद असेल तर विंडोज वायफाय शोधतच नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट कुठून आणायचं? मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं घरीच होतं.

मोबाइललाही आपलं वायफाय दिसत नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नका. काही राऊटरवर वायफायचं वेगळं बटण असतं, पुसताना ते दाबलं जातं. कुणी राऊटर रीसेट केला असेल तर नाव बदलून कंपनीचं मूळ नाव आलेलं असतं. राऊटर उलटा करा, बहुतेकांच्या तळाशी ते नाव स्टिकरवर छापलेलं असतं. यादीत ते सापडलं तर तेच तुमचं वायफाय.

खरा घोळ उरलेल्या प्रकारात आहे. शेजाऱ्यांची नावं दिसतात, मोबाइलला आपलंही दिसतं, फक्त लॅपटॉपला आपलं दिसत नाही. हे ऐकून जो फॉरमॅट सुचवतो, त्याला हे काम येत नाही असं खुशाल समजा. शेजाऱ्यांची नावं दिसतात याचा अर्थ कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर चालतोय आणि विंडोज आपलं काम करतंय.

घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातल्या कितीतरी जुन्या लॅपटॉपमधलं कार्ड फक्त पहिला पट्टा पकडतं. राऊटर बसवणाऱ्याने वेगासाठी फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवला असेल, तर त्या लॅपटॉपपुरतं तुमचं वायफाय अस्तित्वातच नाही. फक्त एफएम असलेल्या रेडिओवर मध्यम लहरींचं केंद्र लागत नाही, तसंच हे. रेडिओ नादुरुस्त आहे असं तेव्हा कुणी म्हणत नाही. कार्डाची कुवत कळायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही कमांड इंग्रजीत द्या. ८०२.११ या आकड्यापुढे फक्त बी, जी, एन ही अक्षरं आली, ए किंवा एसी नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ त्याला कळत नाही. राऊटरमध्ये २.४ चालू केलं की काम झालं. नावापुढे ‘५जी’ लावलेलं वायफाय म्हणजे हाच दुसरा पट्टा. मोबाइल कंपन्यांच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.

‘काल दिसत होतं, आज नाही’ या तक्रारीलाही कारण असतं. २.४ च्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत सर्रास ११ च वापरतात. भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपचं कार्ड १२ आणि १३ कडे बघतच नाही, असं होऊ शकतं. राऊटरचा चॅनेल ‘ऑटो’वर असतो. एके रात्री तो स्वतःहून १३ वर गेला की सकाळी लॅपटॉपपुरतं वायफाय गायब. उपाय एवढाच की राऊटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायमचा नेमून द्यायचा.

तिसरं कारण नव्या राऊटरचं. वायफाय ६, म्हणजे ८०२.११ एएक्सचे राऊटर आले, तेव्हा इंटेलच्या काही जुन्या कार्डांना त्यांचं नाव यादीत दिसेना. इंटेलने स्वतः ते मान्य केलं आणि ड्रायव्हर बदलायला सांगितलं. नवीन राऊटर बसवल्या दिवसापासून तक्रार सुरू झाली असेल तर आधी ड्रायव्हरची तारीख बघा. नवा ड्रायव्हर मिळत नसेल तर राऊटरमध्ये २.४ च्या पट्ट्यापुरतं एएक्स बंद करता येतं का, ते पाहा.

आणि एक कारण टेबलावरच पडलेलं असतं. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. आधीच रेंज कमी असेल तर तेवढ्यानेही नाव यादीतून जातं. डिस्क काढून बघायला पैसे पडत नाहीत.

यातल्या एकाही उपायाला विंडोज पुसावं लागत नाही. कार्ड खरोखर कुचकामी निघालं तर दोन्ही पट्टे पकडणारा यूएसबी वायफाय अडॅप्टर मिळतो. नव्या लॅपटॉपपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. चालता लॅपटॉप भंगारात घालायला लावणं हे ग्राहकाशी वाईट वागणं आहे, आणि ते रोज घडतंय. त्याचा फटका कुणाला बसतो? सेकंडहँड लॅपटॉपवर एमपीएससीचा किंवा सीईटीचा फॉर्म भरणाऱ्या मुलाला, घरून टायपिंगची कामं करणाऱ्या बाईला, मुलांनी सोडून दिलेला लॅपटॉप वापरणाऱ्या आजोबांना. ज्यांच्याकडे दुसरं मशिन आहे त्यांचं काम थांबत नाही. यांचं थांबतं, आणि फॉर्मची शेवटची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. हेल्पलाइनवाल्यांनी ‘बंद करून चालू करा’ म्हणण्याआधी वरचे दोन प्रश्न विचारावेत. दुरुस्तीच्या दुकानदाराने फॉरमॅटआधी दोष काय आणि काय पुसलं जाणार, हे कागदावर लिहून द्यावं. लॅपटॉप विकणाऱ्यांनी खोक्यावर नुसतं ‘वायफाय’ छापण्याऐवजी कोणते पट्टे चालतात ते ठळक छापावं.

सगळ्यात मोठी मागणी राऊटर बसवणाऱ्यांकडे. वर सांगितलेले उपाय, पट्टा चालू करणं, चॅनेल नेमणं, एएक्स बंद करणं, हे राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरल्याशिवाय होत नाहीत. आणि कितीतरी ठिकाणी त्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड ग्राहकाला दिलाच जात नाही. ‘काही लागलं तर फोन करा’ म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत. जोडणीचे पैसे आपण देतो, महिन्याचं बिल आपण भरतो, डबा आपल्या भिंतीवर, आपल्या विजेवर चालतो. तो पासवर्ड आपल्याला मिळालाच पाहिजे. जोडणीच्या दिवशीच मागा, दोन्ही पट्टे चालू करून घ्या, घरातला सर्वांत जुना लॅपटॉप समोर आणून जोडून दाखवायला सांगा. तोवर राऊटर बसवणाऱ्याच्या कागदावर सही करू नका.