काइनाची सासुरवाडी

संडे स्कूल शिकवणाऱ्या माणसाची कधी ना कधी काइनाच्या बायकोशी गाठ पडतेच. आदाम, हव्वा, काइन आणि हाबेल अशी जगाची एकूण खानेसुमारी चार. त्यातला हाबेल मारला गेला, उरले तीन. आणि लगेच थोडं पुढे काइन नोद देशात जातो, तिथे त्याला बायको आहे, मूल आहे, तो नगरसुद्धा वसवतो. मग त्याची सासुरवाडी कुठली? हा प्रश्न मी लहानपणी विचारला तेव्हा बाईंनी मला बाकावर उभं केलं. उत्तर काही मिळालं नाही, पण असले प्रश्न विचारायचे नसतात हे मात्र पक्कं पाठ झालं. एवढ्या भांडवलावर आमच्या मंडळीच्या कमिटीनं मला तरुणांच्या शंकासमाधान वर्गाचा प्रमुख नेमलं.

निमित्त नाताळाचं होतं. आमच्या तालुक्यातली पोरं पुण्याला शिकायला जातात आणि नाताळला परततात ती प्रश्न घेऊनच. काही जण तर भक्तीला यायचेच बंद होतात. कमिटीचं निदान एकमुखी होतं : मोबाईल. उपायही एकमुखी होता : मी. बँकेत माझी उभी हयात ‘चौकशी’ अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे गेली, तेव्हा चौकशीला तोंड देण्याचा अनुभव माझ्याइतका कोणाला असणार? त्या खिडकीतून मी बहुतेकांना शेजारच्या खिडकीकडे पाठवत असे, हे कमिटीला ठाऊक नव्हतं.

मी जय्यत तयारी केली. एक फाईल केली. तिचे दोन भाग : विज्ञान आणि इतिहास. विज्ञानात नोहाचं तारू. लांबी 300 हात, रुंदी 50, उंची 30. म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे 135 मीटर लांब. कार्डशीटवर रंगीत तक्ता काढला, त्यात जिराफासाठी वेगळा कप्पा ठेवला. घरात चपलांचं खोकं होतं, त्याला बायकोनं वरून फट पाडली. झाली शंकापेटी. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, असा नियम केला.

पहिली चिठ्ठी निघाली : “वर्गानंतर वडापाव आहे का?” दुसरी : “प्रवचन चालू असताना देव जागा असतो का?” मागच्या बाकावर पाळकसाहेब बसले होते, म्हणून ती मी मनातल्या मनातच वाचली. तिसऱ्या चिठ्ठीत साक्षात काइनाची बायको. मी खुशीत आलो. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्याचं लिहिलंय, ते बोट ठेवून दाखवलं आणि म्हणालो, “म्हणजे ती त्याची बहीण. सुटला प्रश्न!”

“सख्खी?” नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलं.

“तेव्हा चालायचं,” मी म्हणालो, आणि घाईघाईनं तारवाच्या तक्त्याकडे वळलो. तर सिव्हिल इंजिनिअरिंगचा एक मुलगा उठला. तीन मजले, एक दार, एक खिडकी, आत जगातली सगळी जनावरं. “काका, याला भोगवटा प्रमाणपत्र कोण देणार?” वर्ग खदखदून हसला. पाळकसाहेबही हसले. मी समारोपाची प्रार्थना घेतली. इतकी लवकर ती मंडळीत पूर्वी कोणी घेतली नसेल.

उत्तरं संपली की माणूस सहल काढतो. मी नगरची काढली. विज्ञानाचा भाग फसला होता, आता इतिहासाचा बाहेर काढायचा. ह्यूम मेमोरियल चर्चसमोर उभं राहून मी घसा साफ केला. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं, नगरला त्याचं ठाणं 1831 मध्ये बसलं. ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये याच नगरातून निघालं. सिंथिया फॅरर बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. पोरं मन लावून ऐकत होती. निदान सावलीत तरी उभी होती. सोबत आमच्या मंडळीतल्या एक आजीही आल्या होत्या. त्यांची आई बायबलबाई होती, गावोगाव वचन वाचून दाखवत हिंडायची. आजींना आमंत्रण नव्हतं. त्या सरळ पुढच्या सीटवर येऊन बसल्या होत्या.

परतताना राहुरीच्या अलीकडे भाड्याची जीप बंद पडली. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे, उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला ड्रायव्हर. वेळ घालवायचा म्हणून मी हुकमी पान काढलं : रेव्हरंड टिळक. ज्या राहुरीच्या वाटेवर आम्ही अडकलो होतो, तिथेही ते राहिलेले. 1893 मध्ये नारायण वामन टिळक राजनांदगावच्या प्रवासात असताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, वाद घातला, रात्रीचे दिवस केले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला पुढची कित्येक वर्षं लागली. बाबा पदमनजी तर आधी परमहंस सभेत होते, मग 1854 मध्ये बेळगावला ख्रिस्ती झाले, आणि मनाची ती सगळी ओढाताण त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात मांडली. माझा आवाज चढला होता.

“म्हणजे आपले सगळे मोठे लोक शंकेखोर होते,” सिव्हिलवाला म्हणाला.

“छे! ती सत्याची तळमळ होती.”

“आणि आम्हाला होते ती?”

मी फाईल चाळू लागलो. ड्रायव्हरनं बॉनेटमधूनच पाना मागितला, तो मी इतक्या तत्परतेनं शोधून दिला की त्यालाही नवल वाटलं. पण मुलगा सोडेना. दुसऱ्याच्या धर्मावर शंका घेतली की जागृती आणि आपल्या धर्मावर घेतली की पोरगं बिघडलं, हे कसं काय? बरं, टिळक ब्राह्मण, त्यांचे वाद छापून येतात. आमच्या पणजोबांचं काय? ते महारवाड्यातले. दुष्काळात ख्रिस्ती झाले म्हणतात. प्रभूसाठी झाले की ज्वारीसाठी?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातल्या घराघरांत दबून बसलेला आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या वाढल्या, आणि त्यात आलेले बहुतेक महार-मांग वस्त्यांतले, हे इतिहास सांगतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत नाकारली, त्यामुळे हा हिशेब अजून मिटलेला नाही. माझ्या फाईलमध्ये मात्र दुष्काळ नव्हता. जिराफ होता.

आजी जीपमधूनच बोलल्या. “ज्वारी त्याच साली खाऊन संपली, लेकरा. त्यानंतरही तो का येत राहिला, ते शोध.”

मुलाचं समाधान झालं नाही. पण तो गप्प बसला आणि थोड्या वेळानं आजींच्या शेजारी जाऊन बसला. मग नर्सिंगची मुलगी मला म्हणाली, “काका, माझी चिठ्ठी तुम्ही वाचलीच नाही.” ती मी वाचली होती. माझ्या आजीसाठी अख्ख्या मंडळीनं उपास-प्रार्थना केली, तरी ती गेली, मग आमचं काय चुकलं, असं तिच्यात होतं. विज्ञानातही बसेना, इतिहासातही बसेना, म्हणून चिठ्ठी मी खोक्याच्या तळाशी परत घातली होती. आता तिनं ती तोंडीच सांगितली.

“मलाही नाही कळलं,” आजी तिला म्हणाल्या. “माझा मुलगा गेला तेव्हा मी दोन वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही.”

“मग परत कशा आलात?”

“तेव्हाच्या पाळकांची मिसेस दर बुधवारी यायची. भाकरी थापून द्यायची, गप्पा मारायची. देवाचं नाव नाही काढलं बाईनं.”

शंकासमाधान वर्गाच्या प्रमुखाला त्या वेळी टॉर्च धरण्याचं काम होतं, ते त्यानं चोख केलं.

घरी आल्यावर शंकेखोर शिष्य थोमाला धडा शिकवायचा म्हणून योहानाचा विसावा अध्याय काढला. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा थोमा गैरहजर. जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असं त्यानं साफ सांगितलं. आजवर मी हा अध्याय वाचताना त्याच्यावरच डोळे वटारत आलो. या खेपेला तारखा पाहिल्या. प्रभू पुन्हा आला तो आठ दिवसांनी, आणि तेव्हा थोमा त्याच घरात, त्याच मंडळींत होता. आठ दिवस दहा जणांनी त्याला बाहेर काढलं नाही. त्याच्यासाठी वर्गही भरवला नाही. प्रभूनं हात पुढे केला, पण थोमानं बोट घातल्याचं तिथे लिहिलेलं नाही, हेही तेव्हाच दिसलं. आणि परंपरा सांगते की इसवी सन 52 मध्ये आपल्या देशात सुवार्ता घेऊन आला तो हाच. चेन्नईच्या मैलापूरला त्याची कबर दाखवतात.

वर्ग अजून चालू आहे, पण फाईल घरी असते. आमची मंडळी प्रोटेस्टंट, तरी परीक्षेच्या वर्षी निम्मी पोरं हरेगावच्या कॅथलिकांच्या मतमाउलीला गुपचूप जाऊन येतात, हे आता मला सांगतात. मीही कमिटीला सांगत नाही. बऱ्याच प्रश्नांना “माहीत नाही” हे उत्तर मी देतो आणि ते सगळ्यात बरं चालतं.

तेव्हा घरात प्रश्न विचारणारं पोर असलेल्या आईबापांना एकच विनंती. त्याला माझ्याकडे दुरुस्तीला पाठवू नका. आधी त्याचं सगळं ऐकून घ्या, मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी गाठ घालून द्या, आणि तो भक्तीला आला नाही तरी बुधवारी त्याच्याकडे जा. एवढं करून त्याला आमच्यात यावंसं वाटलंच, तर वर्ग रविवारी भक्तीनंतर असतो. वडापाव आहे.