मिलिग्रॅम अण्णा

अण्णांचा नेम आजवर एकदाही चुकलेला नाही. चुकते ती पेलेट. कधी ती हलकी निघते, कधी तिच्या डोक्याचा व्यास शतांशाने कमी भरतो, कधी मागच्या घेराला पोचा आलेला असतो. यातलं काहीच सापडलं नाही तर त्या दिवशी अलिबागच्या हवेत दमटपणा फार असतो. अलिबागच्या हवेत दमटपणा नसतो कधी, हे अण्णांना विचारायचं नसतं.

दहा मीटर एअर पिस्तूल हा त्यांचा खेळ. नोकरीत असताना ते लेखापरीक्षक होते. बारा आण्यांचा फरक सापडला की शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्या कचेरीची झोप उडवणारा हा माणूस. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांवर संकट कोसळतं. पहिले काही महिने त्यांनी वाडीतल्या सुपाऱ्या मोजल्या, मग वाण्याची उधारी तपासली, मग वहिनींचं मिसळणाचं माप तपासायला घेतलं. तिथे वहिनींनी हिसका दाखवला. त्याच सुमारास नातवाला नेमबाजीच्या वर्गाला सोडण्याचं काम त्यांच्याकडे आलं. नातवाला चार दिवसांत कंटाळा आला. त्याच्यासाठी घेतलेलं पिस्तूल वाया कसं घालवायचं, म्हणून आजोबांनी हातात धरलं ते धरलंच.

रेंजवरची पोरं त्यांना पाठीमागे ‘मिलिग्रॅम’ म्हणतात. अण्णांना हे ठाऊक आहे आणि त्यांना ती पदवी वाटते. तसे मिलिग्रॅम आमच्याकडेच आहेत असं नाही. वरळीला आहेत, पुण्याच्या बालेवाडीला आहेत. जिथे म्हणून लोक कागदावर नेम धरतात तिथे एकजण कोपऱ्यात बसून डोळ्याला भिंग लावून डबी चाळत असतोच. सराव करणाऱ्यांकडे तो जरा दयेने पाहतो. बिचारे नुसतेच नेम धरताहेत!

खरं म्हणजे अण्णांचं मन पेलेटमध्येही नाही. ते गुंतलंय काडतुसात. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर प्रकारात .३२ चं काडतूस चालतं. त्याच्या गोळीला टोक नसतं, तोंड अगदी सपाट असतं, त्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुणांवरून वाद राहत नाही. युरोप-अमेरिकेतले कितीतरी नेमबाज हे काडतूस घरीच भरतात. उडालेली पितळी पुंगळी पुसूनपासून पुन्हा आकारात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची, वर गोळी दाबून बसवायची. विकतच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि शंभरावं काडतूस पहिल्यासारखंच निघतं. अण्णांनी याचे व्हिडिओ इतके पाहिलेत की वहिनी पुरणयंत्राचा दांडा फिरवायला लागल्या तरी त्यांचा चेहरा हळवा होतो.

पण आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही. खेळाडूला काडतुसं विकत मिळतात, तीही परवान्यावर लिहिली असतील तितकीच. घरी बसून भरायची सोय नाही. अण्णा कायद्याबाहेर पाऊल टाकणारे नव्हेत. कलम पाच त्यांना तोंडपाठ आहे आणि ते म्हणताना त्यांचा आवाज नेहमी शेवटी थोडा खाली येतो.

“माझ्या आजोबांना बघ,” ते म्हणतात. “चौलला आमची ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीच्या परवान्यावर. रोज रात्री घरच्या घरी बार भरायचे. कुणाची ना नव्हती.”

त्या बंदुकीची गोष्ट मी त्यांच्याकडून बरेचदा ऐकलीय, आणि प्रत्येक वेळी मला अण्णांपेक्षा आजोबाच जास्त आवडलेत. वालाच्या शेतात डुकरं शिरायची. आजोबा नळीच्या तोंडातून दारू ओतत, वर नारळाच्या काथ्याचा बोळा सारत, गजाने ठासत, मग छरे, मग पुन्हा बोळा, आणि मागे टोपी चढवून पडवीत बसत. दारूचं माप म्हणजे बांबूचं एक पेर. छऱ्यांचं माप म्हणजे मूठ. पावसाळ्यात दारू सर्दावली की बार फुसका जायचा. मग आजोबा तोंडानेच ओरडत आणि डुकरं तेवढ्यानेही पळत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, तेव्हा तर सगळा कारभार ओरडण्यावरच चाले. आजोबांनी जन्मात एक छरा तोलला नाही. डुकरांनीही कधी तक्रार केली नाही.

नातवाने मात्र सगळं तोलायचं ठरवलंय. काडतूस नाही तर पेलेट सही.

त्यांचा तोलण्याचा कार्यक्रम एकदा बघण्यासारखा आहे. एकदाच. पाचशे पेलेटचा डबा. पिस्तुलाची एक पेलेट साधारण पावणेचार गुंजांपेक्षाही थोडी कमी, ४५० मिलिग्रॅमच्या आसपास. अण्णांचा काटा एका मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. एवढा नाजूक काटा वाऱ्याने हलतो, म्हणून पंखा बंद. खिडक्या बंद. दार लोटलेलं. महिना मे. अण्णा गंजीफ्रॉकवर, हातात चिमटा, समोर श्रीखंडाचे तीन रिकामे डबे, त्यांवर अ, ब, क. चिमट्याने पेलेट उचलायची, भिंगाखाली फिरवून घेराची कड बघायची, काट्यावर ठेवायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरायचा, मग तोंड भिंतीकडे वळवून सोडायचा. समोर बसलेल्यानेही तसंच करायचं. शिंक आली तर बाहेर जायचं, पण दार उघडायचं नाही. म्हणजे शिंकायचंच नाही.

आतून वहिनींचा आवाज येतो, “अहो, पंखा?”

“दोनशे दहा राहिल्यात.”

महावितरणची वीज गेली की सगळी आळी बोटं मोडते. अण्णा एकटेच म्हणतात, “बरं झालं, आता निवांत बसता येईल.” काटा बॅटरीवर चालतो.

वहिनींनी या सगळ्याला एकच अट घातलीय. शिशाला हात लावला की साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. अट शहाणपणाची आहे; शिसं पोटात जाणं वाईटच. पण अण्णा हात धुऊन आले की वहिनी पुन्हा धुवायला पाठवतात. हे केवळ शिशापायी नसावं, असा माझा संशय आहे.

शिवाय आपली ही खारी हवा. शिसं उघडं राहिलं की त्यावर पांढरट भुकटी धरते. त्यामुळे प्रत्येक डब्यात ओल शोषणाऱ्या त्या दाणेदार पुड्या असतात. आळीत कुणी नवे बूट आणले की अण्णा बुटांचं कौतुक करायच्या आधी खोक्यातली पुडी मागून घेतात. औषधवाला तर त्यांना बघताच गल्ल्याखालून आपणहून मूठभर काढून देतो.

मी एकदा न राहवून कागदावर हिशेब मांडला. पेलेट सेकंदाला १५० मीटर जाते असं धरलं तर दहा मीटर कापायला तिला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात ती सुमारे २२ मिलिमीटर खाली येते, आणि साइट लावताना ते धरलेलंच असतं. आता एखादी पेलेट वजनाला शेकडा एकने जड निघाली तर ती आणखी किती खाली येईल? फार तर दोन दशांश मिलिमीटर. पिस्तुलाच्या कागदावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. आणि अण्णांचा हात नेम धरताना ज्या टापूत फिरतो, त्यात अख्खा कागद मावतो. हे शेवटचं मी लिहिलं नाही, नुसतं मनात म्हटलं.

अण्णांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. बेरीज तपासली. मग प्रसन्न चेहऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

“म्हणजे फरक पडतो ना! मी इतके दिवस हेच सांगतोय.”

तो कागद त्यांनी फायलीला लावलाय.

आता न्यायाने बोलायचं तर त्यांच्या वेडाला आधार नाही असं नाही. रायफलवाल्यांचं दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तिथे वरच्या पातळीचे नेमबाज आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो हे खरोखरच तपासून घेतात, रायफल पकडीत आवळून, भोकांचा पुंजका मोजून. आपल्या जिल्ह्यातच, पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत एअर रायफलच्या पात्रता फेरीत चारशेपैकी चारशे गुण मिळवले होते आणि विश्वविक्रमाशी बरोबरी साधली होती. चाळीस वेळा तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

“चाळीसच्या चाळीस,” ते अखेर म्हणाले. “एकही पेलेट खराब निघाली नाही म्हणजे!”

‘क’ डब्याचं पुढे काय होतं हे सांगायचं राहिलं. तो अण्णा मोठ्या मनाने रेंजवरच्या पोरांना देऊन टाकतात. वरसोलीच्या कोळीवाड्यातली एक मुलगी येते, सकाळी आईबरोबर मासळीच्या टोपल्या उतरवून मग सरावाला. तिला डबा कुठला हे बघायला वेळ नसतो. त्या ‘क’ मधल्या पेलेटनी तिने परवा दहाच्या मालिकेत ९५ मारले. शेजारच्या लेनमध्ये अण्णा ‘अ’ मधल्या उडवत होते. त्यांचे आकडे मी इथे देत नाही.

दुसरा कुणी असता तर वरमला असता. अण्णांनी तिचा कागद खाली घेतला, भोकं भिंगातून पाहिली आणि निकाल दिला, “काट्यात दोष आहे. चांगला माल ‘क’ मध्ये गेलाय.” मग तिच्याकडे वळून, “बाळा, त्यातल्या पन्नास परत देशील?”

तिने डबाच पुढे केला. “घ्या की. पण अण्णा, तुम्ही ट्रिगर दाबत नाही, हिसडता.”

“पाचशे तीन ग्रॅम आहे ट्रिगर माझा,” अण्णा म्हणाले. “तोलून पाहिलाय. पाचशेच्या खाली चालत नाही, माझा तीन वर आहे. त्यात काही खोट नाही.” पोरगी हसली आणि पुन्हा आपल्या लेनमध्ये जाऊन उभी राहिली.

पाहुणे आले की अण्णा त्यांना ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यावर नेतात. लोक गणपतीला जातात, समुद्र बघतात. अण्णा थेट त्या चाकांवरच्या दोन इंग्रजी तोफांपाशी. त्यांच्यावर यॉर्कशरच्या लो मूर लोखंड कारखान्याचं नाव कोरलंय. अण्णा त्या नळीत कोपरापर्यंत हात घालून आतला व्यास चाचपतात आणि खंत करतात, “केवढी नळी! आणि गोळे कुणी वेगळे काढून ठेवले असतील का वजनाप्रमाणे?” पाहुण्यांचं सगळं लक्ष भरतीकडे असतं.

यंदा ते वरळीला स्पर्धेत उतरले. मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्याला, तिथून टॅक्सी. ‘अ’ मधल्याही निवडक ‘अ’ पेलेट फोममध्ये एकेक खोचून, डबी सगळ्या वाटेत शर्टाच्या आत. साठ फैरी, ७५ मिनिटं. म्हणजे एका फैरीला सव्वा मिनिट, भरपूर झालं. पण अण्णा प्रत्येक पेलेट भरण्याआधी पुन्हा भिंगाखाली धरत होते. प्रवासात घेराला धक्का लागला असला तर? मी मागे प्रेक्षकांत बसून घड्याळ बघत होतो. मागून बोलायची सोय नसते. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा अण्णांच्या ५३ झाल्या होत्या आणि चोपन्नावी भिंगाखाली होती. न उडवलेल्या फैरीला शून्य.

परतीच्या बोटीत मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होतो. अण्णांनी वही काढली. “४७१ भागिले ५३. आठ पूर्णांक एकोणनव्वद. म्हणजे जवळजवळ नऊची सरासरी,” ते म्हणाले. “आणि हे बघ, उरलेल्या सातही खास ‘अ’ मधल्या. त्यांचे सत्तर गुण शिल्लक आहेत.” वहीत त्यांनी खरोखरच सत्तर गुण पुढील पानावर ओढले.

“पण एक चुकलंच,” थोड्या वेळाने ते म्हणाले. माझ्या आशा पल्लवित झाल्या. “वजन अलिबागच्या हवेत केलं आणि मारल्या वरळीच्या हवेत. पुढच्या वेळी काटा बरोबर न्यायचा, आणि तिथल्या तिथे सगळ्या पुन्हा तोलायच्या.”

मांडव्याला उतरल्यावर त्यांनी तशी चौकशीही करून टाकली. गाडीच्या डिकीत काटा ठेवायचा नाही, खड्डे लागतात. बोटीत जमिनीवर ठेवायचा नाही, इंजिनाची थरथर असते. सीटवर ठेवला तर कुणी बसेल. तेव्हा काटा कुणीतरी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसायचं, अलिबागपासून वरळीपर्यंत. कुणी ते ठरलं आहे. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.