बिनएक्क्याचे अण्णा

हुकमाचा एक्का ज्यांच्या हाती येतो, अशा भाग्यवंतांची चरित्रे आजवर विपुल लिहिली गेली. परंतु तो एक्का नेहमी समोरच्याच हाती पडतो आणि तरीही डाव संपता संपता समोरच्याचेच तोंड का उतरते, याचे उत्तर ज्यांच्या मिस्कील मौनात दडलेले असते, त्या गृहस्थांकडे आमच्या चरित्रकारांचे लक्ष अद्याप गेलेले नाही. हा वर्ग प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतो. म्हसळ्यास त्याचे प्रतिनिधित्व अण्णांकडे असून, ते त्यांनी कोणाच्याही मताची अपेक्षा न करता स्वतःकडे बिनविरोध घेतलेले आहे.

अण्णा व्यवसायाने अर्जनवीस. म्हसळा हा एके काळी जंजिरा संस्थानाचा एक महाल. १९४८ साली संस्थान विलीन झाले, नवाबांचा अंमल गेला, परंतु त्या अंमलाच्या भाषेने मात्र विलीन होण्यास साफ नकार दिला आणि ती अण्णांच्या लेखणीत कायमची वस्तीला राहिली. ‘सबब’, ‘मजकूर’, ‘बिनाशर्त’, ‘कदीम वहिवाट’ या शब्दांवाचून त्यांना घरचे वाणसामानही लिहिता येत नाही. तथापि अर्ज लिहिणे हे त्यांचे केवळ पोटापाण्याचे काम. त्यांची प्रतिभा खऱ्या अर्थाने फुलते ती हरकत लिहिताना. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या या गृहस्थाने दुसऱ्याच्या एकरांवर घेतलेल्या हरकती एकत्र बांधल्या, तर कचेरीचे एक कपाट सहज भरेल. आणि त्यांपैकी बहुतेक हरकती त्यांनी अर्जदाराने आपल्याच हाताने जोडलेल्या कागदांतून काढलेल्या आहेत, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण पुढील हकिकतीचे मर्म त्यातच आहे.

आपल्या या वृत्तीला अण्णा इतिहासाचा आधार देतात. राजपुरीच्या खाडीचे पाणी म्हसळ्यापर्यंत पोचत असल्यामुळे, खाडीच्या मुखाशी घडलेल्या यच्चयावत घटनांवर आपला वारसाहक्क आहे, अशी त्यांची समजूत दिसते. सिद्दीचा जंजिरा शिवछत्रपतींच्या हाती येईना, तेव्हा महाराजांनी काय केले? समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. “दुसऱ्याचे पान आपल्याकडे नाही म्हणून रडत बसायचे नसते, त्याच्या डोळ्यांसमोर आपले मांडायचे असते,” असे सांगून अण्णा तपकिरीची चिमूट ओढतात व विषय संपला असे दर्शवितात. जंजिरा त्यानंतरही पडला नाही, संभाजीराजांनी समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न करूनही पडला नाही, आणि संस्थान विलीन होईपर्यंत सिद्द्यांकडेच राहिला, ही गोष्ट एका शाळामास्तरांनी एकदा त्यांच्या कानावर घातली असता, “तो मजकूर या अर्जाच्या कक्षेबाहेरचा आहे,” असा शेरा त्यांनी मारला.

सायंकाळी कचेरी सुटल्यावर अण्णांच्या शेजारच्या ओटीवर मेंढीकोटाचा अड्डा जमतो. अण्णांच्या हाती हुकमाचा एक्का येत नाही, हे तेथील सर्वमान्य सत्य. परंतु मेंढीकोटात नुसते हात मोजून भागत नाही. मोल असते ते दश्श्यांना, म्हणजे चार मेंढ्यांना. एक्का हात निःसंशय मिळवून देतो. पण त्या हातात मेंढी नसेल तर त्या वैभवाला कोण विचारतो? अण्णा हुकमाच्या राजाची उतारी करतात. समोरचा एक्का मोठ्या तोऱ्याने राजावर येऊन पडतो, ओटीवर हशा पिकतो, आणि त्या हशात अण्णांचे बारीक डोळे तेवढे पाहून घेतात की चार पानांत मेंढी एकही नाही. येथून पुढे भिडूच्या हातची हुकमाची राणी निर्वेध राज्य करते, आणि एक्क्याचा धनी आपण जिंकत असता हरलो कसे, याचा विचार करीत घरी जातो.

त्यांच्या कीर्तीवर कळस चढला तो मात्र अगदी वेगळ्याच पानांमुळे. मे महिन्यात मुंबईहून आजोळी येणारी मुले अलीकडे पोकेमॉनची पाने बरोबर आणतात. ही पाने नुसती जमवायची व अदलाबदल करायची नसतात. साठ पानांचा एक संच बांधून तो रीतसर झुंजवावयाचा असतो, आणि प्रतिपक्षाचे प्राणी गारद करीत आपली सहा बक्षिसे जो प्रथम उचलील तो विजयी ठरतो. गेल्या सुटीत आलेल्या एका मुंबईकर नातवापाशी चारिझार्ड ईएक्स नावाचे, कठीण प्लॅस्टिकच्या कोशात जपलेले पान होते. हा एक पंखधारी अग्निसर्प. त्याची प्राणशक्ती ३३०, प्रहार १८० चा, आणि प्रतिपक्षाने आधी जितकी बक्षिसे उचलली असतील, तितक्या प्रत्येकामागे त्या प्रहारात आणखी ३० ची भर. म्हणजे आपण जसजसे जिंकत जावे तसतसा तो अधिक खवळणार! आठवडाभर त्या पानाने आळीतल्या समस्त बालकांना धूळ चारली. त्या बालकांपाशी स्वतःचे संच नव्हतेच. मुंबईकराने उरल्यासुरल्या, त्याच्या मते टाकाऊ, पानांचा एक दुसरा संच बांधून आणला होता, आणि हरण्यासाठी तो तो उदार मनाने कोणालाही उसना देई.

तक्रार अखेर अण्णांकडे आली. त्यांनी प्रथम चारिझार्डचे पान मागितले नाही. त्यांनी तो टाकाऊ संच मागितला, आणि जुन्या मॅट्रिकचे इंग्रजी, एक शब्दकोश व नकाशे वाचण्याचे भिंग यांच्या साहाय्याने त्यातील पान नि पान वाचून काढले. मुले चित्रे पाहत होती. अण्णा तळटीपा पाहत होते. सातबाऱ्याचा उतारा हाती आला की अननुभवी माणूस भोगवटादाराचे नाव आणि क्षेत्र पाहून भारावून जातो, पण जाणता माणूस थेट ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे वळतो, कारण बँकेचा बोजा, बहिणीचा हिस्सा, कुळाचा हक्क ही सारी भुते तेथेच राहतात. तसेच या पानांचेही असावे, अशी अण्णांची अटकळ होती, आणि ती खरी ठरली. मिमिक्यू नावाच्या एका क्षुद्र प्राण्याच्या पानावर त्यांचे भिंग थांबले. अंगावर जीर्ण फडके पांघरून लोकप्रिय पिकाचूचे सोंग आणणारा हा जीव. प्राणशक्ती अवघी ७०. परंतु त्याच्या पानावर बारीक अक्षरांत एक शर्त होती: प्रतिपक्षाच्या ज्या प्राण्याच्या नावापुढे ‘ईएक्स’ हे बिरूद असेल, त्याच्या प्रहाराने याला इजा होणार नाही. अण्णांनी भिंग खाली ठेवले व दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या मते, इतकी निर्दोष हरकत त्यांना कचेरीतही क्वचितच सापडली होती.

दुसऱ्या दिवशी ओटीवर झुंज झाली. पाचवीतला एक मुलगा खेळत होता, अण्णा शेजारी केवळ मुखत्यार म्हणून बसले होते. दोन पायऱ्या चढून चारिझार्ड अवतरताच समोर मिमिक्यू येऊन उभा राहिला. १८० चा प्रहार झाला. मिमिक्यूचे फडकेही हलले नाही. उलट त्याच्या वाराने चारिझार्डवर दहादहाच्या सात खुणा मांडल्या गेल्या. पुन्हा प्रहार, पुन्हा सात खुणा. आता, खरे सांगायचे तर, मुंबईकराला यातून सुटका नव्हती असे नाही. दोन ऊर्जापत्रांचा दंड भरून चारिझार्डला मागे घ्यावे, बिरूद नसलेला एखादा गरीब प्राणी पुढे करावा, आणि त्याच्याकडून त्या सत्तर शक्तीच्या चिंधीचा निकाल लावावा, एवढे नियमांत बसत होते व त्याला ठाऊकही होते. पण सभोवती सारी आळी उभी असता, जे पान आठवडाभर मिरविले ते मुकाट्याने मागे घ्यायचे कसे? अण्णांचा सारा भरवसा नियमांपेक्षा या संकोचावर होता. मोठ्या पानाचा धनी त्या पानाला विश्रांती देऊ शकत नाही, हे त्यांनी खातेदारांच्या दोन पिढ्या पाहून ठरविलेले मत आहे. पाचव्या वाराला खुणांची बेरीज ३५० झाली आणि चारिझार्ड कोसळला.

“पण हे मिमिक्यू माझंच आहे!” मुंबईकर रडकुंडीला येऊन म्हणाला.

“तुझंच आहे, बाळा,” अण्णा अत्यंत मृदुपणे म्हणाले. “मी फक्त वाचलं.”

त्या दिवसापासून अण्णांच्या ओटीवर अर्जदारांपेक्षा मुलांची रीघ अधिक लागली. स्वतः पान विकत घेण्याचा मोह मात्र त्यांना झाला नाही. मुलांनी वर्गणी काढून एक बंद पाकीट आणून दिले, तेही त्यांनी न फोडता परत केले. लोकांस यात वैराग्य दिसले. आम्हांस त्याचा उलगडा श्रावणात झाला.

बाहेर पाऊस कोसळत होता, ओटीवर मेंढीकोट रंगले होते, इस्पिक हुकूम झाले होते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच हुकमाचा एक्का अण्णांच्या हाती होता. हे त्या वेळी कोणासच कळले नाही. दिसले ते इतकेच, की अण्णांचा कपाळावरचा घाम थांबेना. समोरून बदामाची मेंढी आली. अण्णांकडे बदाम नव्हते, एक हुकूम टाकला असता तर मेंढी त्यांची होती, परंतु त्यांनी चौकटची पंजी टाकली. आपण या जागी असतो तर एक्क्यासाठी कोणते जाळे पसरले असते, हे त्यांना इतके बारकाईने ठाऊक होते की प्रत्येक उतारीत त्यांना ते जाळे दिसू लागले. दुसरी मेंढी गेली, तिसरी गेली, चौथीही गेली. अखेरच्या हाताला अण्णांनी एक्का खाली ठेवला, आणि त्याने एक दुर्री, एक तिर्री व किलवरची चौकी असा ऐवज जिंकून आणला.

भिडू बराच वेळ त्या एक्क्याकडे पाहत राहिला. “अण्णा,” तो शेवटी म्हणाला, “एक्का आपल्याकडे होता, आणि कोट आपल्यावर बसला?”

“पानं नीट पिसली नव्हती,” अण्णा म्हणाले, आणि वाटप करणाऱ्याविरुद्ध त्यांनी तोंडी हरकत नोंदविली.