टेम्प्लेटराव

मुलुंड पूर्वेच्या किंवा बोरिवली पश्चिमेच्या एखाद्या सोसायटीत रात्री दीड वाजता एकाच खिडकीत उजेड दिसला, तर आत परीक्षेचा विद्यार्थी असतो किंवा टेम्प्लेटराव असतात. विद्यार्थी मे महिन्यात झोपतो. टेम्प्लेटराव बारमाही.

दिवसा ते अंधेरीला नोकरी करतात. तिथे काय करतात ते घरात कोणाला सांगता येत नाही, आणि रात्री काय करतात ते त्यांना स्वतःला. सासऱ्यांनी विचारले तेव्हा त्यांनी मन लावून समजावले. आपले फोटो, पासवर्ड, कागदपत्रे मोठ्या कंपन्यांच्या हवाली न करता आपल्याच सर्व्हरवर ठेवायची, याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. त्यासाठी कूलिफाय, डॉकप्लॉय असे ओपन सोर्स प्लॅटफॉर्म आहेत. तिथे टेम्प्लेटचे एक बटण दाबले की हवे ते सॉफ्टवेअर आपोआप उभे राहते.

"आपोआप होते, मग तुम्ही काय करता?"

"ते आपोआप मी लिहितो."

"बरं. देतात किती?"

चर्चा तिथेच संपली.

कार्यक्रमात गाणारा वेगळा, ऐकणारे वेगळे आणि सतरंज्या घालणारा तिसराच. टेम्प्लेटराव हे तिसरे. सॉफ्टवेअर लिहिणारा एका देशात, वापरणारा दुसऱ्या, सतरंजी मुलुंडची. पण ती घालण्याचेही शास्त्र आहे. टेम्प्लेटच्या डॉकर कंपोज फाईलमध्ये 'लेटेस्ट' लिहायचे नाही, व्हर्जनचा नेमका आकडा द्यायचा. नाहीतर आज चाललेले उद्या नवे व्हर्जन आले की झोपते. पासवर्ड स्वतः लिहून ठेवायचा नाही; प्रत्येकाकडे तो नवा तयार होईल अशी सोय करायची. डेटाला व्हॉल्यूम द्यायचा, नाहीतर कंटेनर बदलला की फोटो गेले. आणि ही फाईल ज्या यॅमलमध्ये लिहितात त्यात ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच मोजायच्या. या साधनेमुळे त्यांची नजर इतकी तयार झाली आहे, की नोटीस बोर्डावरची पाणीकपातीची सूचना पाहून ते म्हणतात, "तिसरी ओळ दोन स्पेस आत हवी होती." पाणी किती वाजता जाणार, ते वाचायचे राहते.

घरी कोणी चूक काढली तर टेम्प्लेटराव दोन दिवस बोलत नाहीत. पण टेम्प्लेट प्रकल्पात घ्या म्हणून पाठवलेली त्यांची पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्या कोणा परदेशी अनोळखी माणसाने "लोगो एसव्हीजीमध्ये द्या" एवढेच सुनावले, की अख्खा रविवार लोगोला वाहतात. शेवटी रिक्वेस्ट मर्ज होते. त्या संध्याकाळी घरात श्रीखंड येते. शेजाऱ्यांना वाटते, प्रमोशन झाले.

त्यांच्याकडे हॅक्टोबरफेस्टचा एक टी-शर्ट आहे. तो ते आरतीलाही घालतात. डिजिटलओशन कंपनीने 2014 साली हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना हातभार लावा आणि टी-शर्ट मिळवा. 2020मध्ये फुकट टी-शर्टापायी लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसडून इतक्या रिक्वेस्टी पाठवल्या, की जे प्रकल्प स्वतःहून नाव देतील तेच धरायचे, असा नियम करावा लागला. त्या गर्दीचा विषय निघाला की टेम्प्लेटरावांचा आवाज चढतो. 2023ला टी-शर्ट बंद झाले. टेम्प्लेटराव बंद झाले नाहीत.

त्यांचा स्वतःचा सर्व्हर म्हणजे माळ्यावरचा जुना लॅपटॉप. त्यावर इमिचमध्ये घरचे सगळे फोटो आहेत, आणि ते बघायला मिळणे हा योग आहे. कधी ब्रॉडबँडवाला अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतो म्हणून बाहेरून आत यायला बोगदा खणावा लागतो, कधी बोगदाच बसतो. कधी कामवाल्या मावशी मोबाईल चार्ज करायला नेमका तोच प्लग काढतात. पाय-होलने जाहिराती अडवायच्या होत्या. त्याने मिसेस टेम्प्लेटरावांचे, म्हणजे वहिनींचे, किराण्याचे अ‍ॅप अडवले. अनोळखी जगासाठी एका बटणावर चालणारी गोष्ट घरात चालायला टेम्प्लेटराव घरी असावे लागतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मेंटेनन्सच्या पावत्यांसाठी काहीतरी साधे मागितले. टेम्प्लेटरावांनी अख्ख्या कंपनीचा कारभार सांभाळणारे ईआरपीनेक्स्ट उभे केले. ते बनवणारी फ्रॅपे कंपनी विद्याविहारची, म्हणजे मुलुंडहून स्लो गाडीने जाण्याइतकी घरची, याचा त्यांना फार अभिमान. डेटाबेस, रेडिस, शेड्युलर, छोट्या कामांची रांग, मोठ्या कामांची रांग असे कंटेनर एकामागोमाग हिरवे झाले. सेक्रेटरींनी सगळे शांतपणे पाहिले आणि विचारले, "यात मागे कार्बन कॉपी निघते का?" पावतीपुस्तक अजून चालू आहे.

अखेर वहिनींनी त्यांचा स्वभाव ओळखला. हाका मारणे बंद केले आणि गिटहबवर खाते उघडून त्यांच्याच रेपोत रीतसर इश्यू टाकला: फोटो दिसत नाहीत; ठिकाण: स्वयंपाकघर; अपेक्षित वर्तन: दिसावेत. टेम्प्लेटरावांनी जेवण अर्धवट टाकून लॅपटॉप गाठला, दहा मिनिटांत दुरुस्ती केली आणि खाली लिहिले, "सविस्तर रिपोर्टबद्दल आभार." त्या यशाने हुरूप येऊन वहिनींनी दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या गळक्या नळाचाही इश्यू टाकला. त्यालाही लगेच उत्तर आले. याच नळाबद्दल दिवाळीत तोंडी सांगून झालेले असल्यामुळे टेम्प्लेटरावांनी तो 'डुप्लिकेट' म्हणून बंद केला होता.