अंदाजपंचे दाहोदरसे : रॅलीच्या समस्त भाकीतकारांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व पंचक्रोशीतील समस्त रॅली-भाकीतकार,
मुक्काम : गंगापूर रोड, कॉलेज रोड, मायको सर्कल आणि जिथे जिथे चहा उधारीवर मिळतो तिथे.

विषय : नव्या मोसमात कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीत बसणार, यासंबंधी आपण दिलेला अंतिम निकाल.

महोदय,

पत्रास कारण की, राष्ट्रीय रॅली मालिकेचा नवा मोसम सुरू व्हायला अजून अवकाश असला, तरी आपल्याकडे तो संपलाही. कोणी कोणता संघ सोडला, कोणाला कोणी गळाला लावले, कोणावर कोणती टायर कंपनी रुसली, याचे निवाडे देऊन आपण मोकळे झालात. आता प्रत्यक्ष रॅली तेवढ्या व्हायच्या राहिल्या आहेत. त्या आयोजकांनी सवडीने उरकून घ्याव्यात.

आपल्या कार्यपद्धतीचे मला मनापासून कौतुक आहे. कोइमतूरचा एखादा ड्रायव्हर गॅरेजबाहेर उभा राहून फोटो काढतो. फोटोच्या कोपऱ्यात निळ्या बंपरचा वीतभर तुकडा दिसतो. तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत नाशकात ठरते, की हा माणूस जुनी गाडी सोडून निळ्या संघात चालला. ती गाडी शेजारच्या डॉक्टरांची असून फक्त डेंट काढायला आली होती, ही माहितीही यथावकाश आपल्यापर्यंत पोहोचते. पण तिला आपण फारसे मनावर घेत नाही. सिद्धान्त एकदा मांडला की पुराव्याने जरा समजून घ्यायला हवे, हे आपले धोरण आहे.

जागतिक रॅली मालिकेबद्दल आपण भाकिते करता, ते मी समजू शकतो. तिथे वरच्या वर्गात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या उतरवणारा एम-स्पोर्ट, असे तीनच मोठे संघ. जागा मोजक्या, बहुतांशी पगारी, आणि त्यांच्यासाठी रांग मोठी. तरी तिथे काय झाले पाहा. 2022 आणि 2023 चा जगज्जेता काल्ले रोवानपेरा याने 2025 च्या ऑक्टोबरात, वयाच्या पंचविशीत, रॅली सोडून जपानमधल्या सर्किट शर्यतींकडे जात असल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात 2019 चा जगज्जेता ओट टॅनाक यानेही थांबायचे ठरवले. आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद कोणी नेले? काही फेऱ्या घरी बसून काढणाऱ्या, एक्केचाळीस वर्षांच्या सेबास्टियन ओजिएने, तेही नववे. ऑलिव्हर सोलबर्गला एस्टोनियात टोयोटाची गाडी एकाच रॅलीपुरती मिळाली होती. पोराने ती रॅलीच जिंकली आणि पुढच्या वर्षाची जागा खिशात घातली. जिथे अंदाजाला थोडाफार आधार असतो, तिथे ही गत. आपण मात्र जिथे आधारच नाही तिथे छातीठोकपणे बोलता. धैर्य म्हणतात ते हेच.

कारण महोदय, आपल्या देशातले गणित निराळे आहे. कोणे एके काळी इथेही कंपन्यांचे संघ होते. एमआरएफच्या मित्सुबिशी सेडिया घाटात सुसाट धावायच्या, महिंद्राने सुपर एक्सयूव्ही 500 सारखी दांडगी गाडी रॅलीत उतरवली. तेव्हा अमक्याला कोण घेणार, तमक्याला कोण सोडणार या चर्चेला काही अर्थ होता. आता बहुतेक जण स्वतःच्या खिशाने, घरच्यांच्या उदारपणावर किंवा ओळखीच्या एखाद्या उद्योजकाच्या भरवशावर उतरतात. गाडी विकत घ्यायची, ती उघडून तिच्यात रोल केज वेल्ड करून घ्यायचा, जागतिक महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, मान्यतेची सीट आणि पट्टे बसवायचे, टायर, सर्व्हिसची पोरे, गाडी ट्रकवर घालून चिकमगळूर किंवा अरुणाचलपर्यंत न्यायचे भाडे, प्रवेश फी, हॉटेल. हे सगळे ज्याला जमते त्याच्यासाठी जागा रिकामीच असते. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी ती नसतेच, मग हात कितीही चांगला असो. थोडक्यात, नव्या मोसमाची यादी गुणवत्तेच्या खात्यातून येत नाही, बँकेच्या खात्यातून येते. आपण ड्रायव्हरच्या मुलाखती वाचता. त्यापेक्षा त्याच्या वडिलांचा ताळेबंद वाचलात, तर अंदाज बरोबर येण्याची शक्यता बरीच वाढेल.

आणि जाता जाता एक तपशील. ज्या सीटवर कोण बसणार म्हणून आपण घसा कोरडा करता, त्या सीटलाच मुदत असते. मान्यतेचे लेबल साधारण पाच वर्षे चालते. मुदत टळली की छाननीचा अधिकारी गाडी बाजूला काढतो, मग आत बसलेला कोणीही असो. या मोसमात कोणाच्या सीटची मुदत संपते आहे, याचे भाकीत अद्याप आपल्यापैकी कोणी केलेले नाही. विषय मोकळा आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या साऱ्या भाकितांत गाडीत एकच माणूस असतो. डावीकडची जागा आपण बहुधा डबा ठेवायला राखीव समजता. तिथे नेव्हिगेटर बसतो हो! शर्यतीआधीच्या पाहणीत, म्हणजे रेकीत, साधारण दोनदाच दिसलेला रस्ता तो वहीत उतरवतो आणि शर्यतीत, गाडी आडवी होत असताना, खाली मान घालून वाचतो : उजवे तीन, आवळत जाते, आतून कापू नको. एक ओळ उशिरा वाचली तर पुढची ओळ दवाखान्यात वाचावी लागते. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक रॅली मालिका 2013, 2016 आणि 2017 अशी तीनदा जिंकली. 2019 मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कारही त्यालाच मिळाला. हे आपल्याला पाठ आहे. आता राष्ट्रीय रॅलींत वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी बसून वही वाचणारे कासरगोडचे मूसा शरीफ यांच्याविषयी दोन वाक्ये बोला पाहू. नाही जमत ना? नेव्हिगेटर बदलला की चांगला ड्रायव्हरही पहिल्या दोन रॅलींत चाचपडतो. खरी बातमी तिथे असते आणि आपण बंपरचा रंग बघत बसता.

मराठी नावांच्या बाबतीतही आपली दृष्टी फार दूरची आहे. जवळचे दिसत नाही. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिकच्या रॅली करत करत 2025 साली डाकार क्लासिकपर्यंत पोहोचले. मर्चंट नेव्हीत नोकरी करणारे आशिष रावराणे 2021 च्या डाकार रॅलीत स्वतःच्या हिमतीवर मोटारसायकल घेऊन उतरले. या दोघांच्या वाटचालीचा अंदाज आपल्या यादीत कधी होता, असे आठवत नाही. बरेच झाले म्हणा. आपण भाकीत केले असते तर बिचारे कदाचित घरीच राहिले असते.

आता आपल्या गावाकडे येऊ. मागच्या दशकात महाराष्ट्र रॅली नाशकात व्हायची आणि ती राष्ट्रीय मालिकेची फेरी म्हणून मोजली जायची, हे आपल्यापैकी जाणत्यांना आठवत असेल. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. बॉशच्या, म्हणजे आपल्या जुन्या मायकोच्या, कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल होतात. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकवणारी अकादमी निघाली. अंबड-सातपूरच्या शेडमध्ये कोणताही सुटा भाग हातावर घडवून देणारे टर्नर-फिटर आहेत. घोटी-वैतरणेपासून हरसूल-पेठपर्यंत अशी वळणे आहेत की पाहून कोणाचाही पाय शिवशिवावा. एवढे सगळे असताना ‘नाशिकच्या फेरीत कोण जिंकणार’ हा प्रश्न आपण विचारू शकत नाही, कारण आधी ‘नाशिकची फेरी कुठे आहे’ हा प्रश्न येतो. वधूवरांचा पत्ता नाही आणि आपण आहेराच्या पाकिटांवर नावे घालत बसला आहात.

ही फेरी परत आणायची म्हणजे काय, तेही सांगतो. भाकितात उपयोगी पडेल. शर्यतीचा रस्ता काही तास पूर्ण बंद ठेवावा लागतो. त्यासाठी जिल्हाधिकारी, ग्रामीण पोलीस, बांधकाम विभाग, कुठे वन विभाग आणि वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीकडे जावे लागते. एसटीच्या वेळा बघाव्या लागतात. रुग्णवाहिका, डॉक्टर, अग्निशमन आणि प्रत्येक फाट्यावर एक शहाणा माणूस लागतो. आणि तारीख? पावसाळ्यात पहिने-अंजनेरीच्या बाजूला रविवारी पर्यटकांचीच रॅली निघते. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच गिरणाऱ्याच्या टोमॅटोच्या पिकअप रस्त्यावर येतात. जानेवारीपासून द्राक्षे निघतात. बागायतदाराला ‘तुमचा माल दोन तास थांबवा, एक पोलो गाडी जायची आहे’ असे सांगायला जो जाईल, त्याचे भवितव्य सांगायला ज्योतिषी लागणार नाही. त्यात 2026 च्या अखेरीस सिंहस्थाचे ध्वजारोहण. त्यानंतर पोलिसांची प्रत्येक काठी गोदाकाठी हवी. आपण एकदा बसून या सगळ्यातून एक मोकळा शनिवार-रविवार शोधून दाखवलात, तर या गावावर आपले उपकार होतील.

एका बाबतीत मात्र थट्टा बाजूला ठेवतो. सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली, स्पर्धेतल्या गाडीची धडक बसली आणि तीन माणसांचे प्राण गेले. त्या मोसमाआधी कोण कोणत्या गाडीत बसणार याची भाकिते भरपूर झाली होती. बांधावरून येणारी पायवाट कोण अडवणार, वस्तीतल्या माणसाला आदल्या दिवशी घरी जाऊन कोण सांगणार, हा प्रश्न चर्चेत नव्हता. रॅली स्टेडियममध्ये होत नाही. ती लोकांच्या दारावरून जाते, आणि दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला आपल्या विजेत्याचे नावही ठाऊक नसते. रस्ता राखणारे मार्शल कमी पडले तर फेरी रद्द करावी, हा नियम कोणत्याही ड्रायव्हरच्या कारकिर्दीपेक्षा मोठा आहे.

शेवटी आपल्याच खेळाचा एक नियम कानावर घालतो. रॅलीत टाइम कंट्रोल नावाची जागा असते. तिथे ठरलेल्या मिनिटालाच हजर व्हायचे. उशीर झाला तर एफआयएच्या नियमानुसार मिनिटामागे 10 सेकंदांचा दंड. पण वेळेआधी पोहोचलात तर मिनिटामागे अख्खे 1 मिनिट. म्हणजे उशिरा येणाऱ्यापेक्षा आधी टपकणाऱ्याला सहापट शिक्षा. हा नियम आपल्या भाकितांना लावला, तर आपल्यापैकी कोणीही पहिल्या सर्व्हिस थांब्यापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही.

म्हणून हात जोडून विनंती अशी. बोलण्याची हौस फिटली असेल, तर त्यातला एक शनिवार मोटरस्पोर्ट महासंघाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या, मान्यतेच्या एखाद्या स्पर्धेत मार्शल म्हणून द्या. शिटी, झेंडा आणि फळी मिळते. जेवणाचे पाकीट मिळते, बहुधा गार. ज्या ड्रायव्हरच्या कुंडल्या आपण मांडता, त्यांच्या चाकाखालची खडी अंगावर झेलायची संधीही मिळते. आपल्यात अंबड-सातपूरचे कारखानदार असतील, तर त्यांनी एखाद्या पैसे नसलेल्या पोराच्या चार टायरांचा खर्च उचलावा. मग त्याच्या नावाचे भाकीत करायची गरज उरणार नाही. तो यादीत असेल, कारण त्याला आपणच यादीत घातलेले असेल.

कळावे, लोभ असावा; भाकिते थोडी कमी असावीत.

आपला नम्र,
फाट्यावर दोरी धरून उभा राहणारा एक नाशिककर

ता. क. : पहिल्या फेरीची प्रवेशिकांची यादी रॅलीआधी आयोजक स्वतःच जाहीर करतात. ती वाचायला पैसे पडत नाहीत आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते.